हवेची बारी

सोलापूरहून आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "तात्या, चार दिवस काय काम केलंत तितं?" मी सांगतो, बसलो होतो. ते हसतात. मग मी सांगतो की बसण्याचंच काम होतं, तर आणखी हसतात. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून माझाच गोंधळ वाढला. म्हणून विहारातल्या वाचनालयाच्या वहीत एकदाच सगळं लिहून ठेवतो, ज्याला पाहिजे त्यानं वाचावं. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील त्या असू द्या, पण घडलं त्यातलं एक अक्षर खोटं नाही. मला कळलं किती, ते मात्र विचारू नका.

माझ्या थोरल्या लेकीची पोरगी सुजाता पुण्यात एका कंपनीत आहे. इमारतीत हवा कुठून यावी, कुठून जावी, हे ठरवायचं तिचं काम. अशा कामाला पगार मिळतो हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो होतो, खिडकी उघडली की झालं, त्यात शिकायचं काय? या चैत्रात तिचा फोन आला.

"आबा, सोलापुरात तीन दिवस खुर्चीवर बसाल का? मला एक म्हातारं माणूस कमी पडतंय."

"म्हातारं कशाला लागतं गं?"

"म्हाताऱ्या माणसाला गरम-थंड वेगळं लागतं. मी काम करतेय त्या टॉवेलच्या कारखान्यात साठीला टेकलेल्या बायकापण काम करतात. त्यांच्यातली एक सुट्टीवर गेलीय."

"मला काय येगळं लागत न्हाय. उनाळा काय आन् हिवाळा काय, मला समदं सारखं."

"तेच तर बघायचंय," ती म्हणाली.

बघायचंय तर बघ म्हणलं. मी पस्तीस वर्षं उजनीच्या पाण्यावर मोटरी चालवल्यात. धरणाचं पाणी उतरलं की मोटर पुढं सरकवायची, चढलं की मागं आणायची, पाइप जोडायचे, पाणी वरच्या रानात पोचवायचं. गावातल्या निम्म्या मोटरी मीच बसवल्या. उन्हात तापलेला लोखंडी पाइप मी खांद्यावरून नेलाय. खुर्चीवर बसायला मी काय भिणार?

मंगळवार. टेंभुर्णीहून पुढे

कारभारणीनं पिशवीत मफलर घातला. गावात कुणी तरी तिला सांगितलं होतं की असल्या हॉलमध्ये माणूस गारठून आजारी पडतो. चैत्रातल्या उन्हात मफलर घेऊन एसटीत बसणारा मी एकटाच असेन. वर केळ्याची फणी, सुजातासाठी. ती मोहोळच्या अलीकडंच शेजारच्या माणसाच्या पेटीखाली आली आणि निम्मी केळी पिशवीतच शिकरण झाली. मफलरसकट.

आपल्याकडं डोळ्याला पाणी दिसतं, ऊस दिसतो, केळी दिसते. मोहोळ सोडलं की रान उघडं पडतं. हवा अशी लागते की कुणी तरी भाकरीच्या तव्याजवळ तोंड धरलंय. शेजारचा म्हणाला, "लई गरम हाय की ओ." मी म्हणालो, "छे, एवढं काय न्हाय." पाठीला सदरा चिकटला होता, पण अनोळखी माणसापुढं उकडतंय म्हणून कुरकुर करायची, हे मला जमत नाही. आमच्या बापानं शिकवलं नाही.

सुजाता गेला महिनाभर सोलापूरच्या पूर्व भागात लक्ष्मीअक्काच्या घरी वरची खोली घेऊन राहते. अक्का म्हणजे पन्नाशीची तेलुगू बाई. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. ज्या कारखान्यात सुजाता हवेचं काम करते तिथंच अक्का टॉवेलला कडा शिवते. घरात शिरल्याबरोबर पहिलं काय दिसलं, तर पिंपं. मोरीत पिंपं, जिन्याखाली पिंपं, पलंगाखाली कळश्या.

"एवढं पाणी कशाला साठीवलंय, अक्का?"

"तुमाला काय कळनार बाबा! आमच्याकडं नळ चार दिवसाला एकदा येतो. तोपन पाटंला."

"आन् ते पाणी येतं कुटनं? आमच्या उजनीतनंच की."

"मग थोडं जास्त सोडा म्हनावं तुमच्या उजनीला!"

मला उगाच अभिमान वाटला आणि उगाच लाजही वाटली. पाणी माझ्या दारात, आणि ही बाई पाटंला उठून कळशी घेऊन उभी. तिनं पुंडीच्या पाल्याची आंबट भाजी, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. पुंडी आपल्याकडंही असते, पण अशी आंबट नाही. जेवताना तिनं टेबलपंखा फिरवून माझ्याकडं केला. मी फिरवून तिच्याकडं केला. तिनं परत माझ्याकडं केला. शेवटी पंखा भिंतीकडं तोंड करून राहिला आणि आम्ही दोघंही घामाघूम जेवलो. सुजाता हे बघत होती. तिनं वहीत काही तरी लिहिलं. काय लिहिलं विचारलं तर म्हणाली, "काही नाही आबा."

बुधवार. एक नंबरची खुर्ची

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सकाळी नुसत्या सायकली. यंत्रमागांची खट्‌खट् रस्त्यापर्यंत ऐकू येते. जुन्या शेडमध्ये डोकावलो. आत पंखा नाही. अक्का म्हणाली की पंखा लावला की कापसाचे बारीक तंतू उडतात, नाकात जातात, मालावर बसतात. म्हणून बायकांनी वर्षानुवर्षं पंख्याशिवायच काम केलं.

नवा हॉल मल्लेशमशेठनं बांधलाय. टॉवेलच्या कडा शिवणं, तपासणं, घड्या घालणं, सगळं तिथं. भिंती दुहेरी, छत पांढरं, खिडक्या उंचावर. मी बाहेरून चक्कर मारली, कुठंही यंत्राचा डबा लटकलेला नाही. सुजातानं सांगितलं की बाहेरची हवा जमिनीखालच्या नळीतून येते, वाटेत ओल्या जाळ्यांमधून जाते, गार होते, आणि प्रत्येक खुर्चीपुढं टेबलातून एक गोल तोटी वर काढलीय तिच्यातून बाहेर पडते. तोटी फिरवली की हवा कमी-जास्त होते, वळवली की तोंडावर किंवा हातावर घेता येते. ज्याची तोटी त्यानं फिरवायची.

"मोठं यंत्र लावलं की सगळ्या हॉलला एकच हवा," ती म्हणाली. "ते रिकाम्या खुर्च्या गार करतं, भिंती गार करतं, आणि तरी निम्म्या बायका उकडतंय म्हणतात नि निम्म्या थंडी वाजतीय म्हणतात. इथं जिला जेवढी लागेल तेवढीच. वीजपण कमी लागते."

"आन् शेठला हे पटलं?"

"अर्धंच पटलंय. म्हणून तर तीन दिवसांची परीक्षा. बायका तोट्या वापरतात हे दिसलं तर तोट्या राहतील. नाही दिसलं तर काढून टाकायच्या आणि मोठं यंत्र आणायचं. दीड वर्ष घालवलंय आबा मी ह्याच्यावर."

मग तिनं नियम सांगितले. चोवीस खुर्च्या, दोन रांगा. प्रत्येक टेबलावर पाच बटणांची एक डबी: लई थंडी, जरा थंडी, ठीक, जरा गरम, लई गरम. दर अर्ध्या तासानं दिवा लागेल, तेव्हा स्वतःला जे वाटतं ते बटण दाबायचं. शेजारणीला विचारायचं नाही. ती स्वतः हॉलमध्ये येणार नाही. "मी आत असले की तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून बटण दाबाल," ती म्हणाली, आणि पलीकडच्या खोलीत संगणकापुढं जाऊन बसली.

मला एक नंबरची खुर्ची मिळाली. मावळतीच्या भिंतीजवळची, जिथून हवेची नळी हॉलमध्ये शिरते तिथली. घड्या घालायचं सोपं काम दिलं. शेजारची बाई म्हणाली, "ही शमीमबीची जागा. लेकीच्या बाळंतपणाला विजापूरला गेलीय. हितं दुपारी लई तापतं. तोट्या नव्हत्या तवा ती बिचारी गळ्यात ओला टॉवेल टाकून बसायची."

मी म्हणालो, "मला काय व्हत न्हाय." आणि मफलर गळ्यात तसाच ठेवला. तो धुऊन वाळवून अक्कानंच सकाळी गळ्यात घातला होता, आणि बायकांपुढं काढायचा कसा?

पहिला दिवा लागला. मी विचार न करता "ठीक" दाबलं. ठीकच आहे की. दुसऱ्याच्या कारखान्यात पाहुणा म्हणून बसलोय, आणि बटण दाबून तक्रार करायची?

इथपर्यंत सगळं मला कळत होतं. पुढचं ऐका.

बायका तोट्या फिरवायला लागल्या. एक, दोन, पाच, दहा. तशी माझ्या मागच्या भिंतीपलीकडची, नळीत हवा ढकलणारी मोटर आवाज बदलायला लागली. आधी गुणगुणत होती, मग घुं-घुं करायला लागली, मग चढली. मी पस्तीस वर्षं हा आवाज ऐकलाय. मोटर ओढायला लागली की असाच आवाज येतो, आणि मग जळक्या तारेचा वास येतो. पोरीचं दीड वर्षाचं काम पहिल्याच सकाळी जळणार.

आणि दुसरी गोष्ट. मी तोंडावर बसलेलो. पाइपच्या तोंडावरच्या माणसानं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की शेवटच्याच्या रानात थेंब जात नाही. यावरून आमच्याकडं डोकी फुटलीत. शेवटी बारी लावावी लागली: आज याचं, उद्या त्याचं. आणि तोंडावरच्यानं आपला व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी उघडायचा.

मी उभा राहिलो. "बायांनो, थांबा! मोटर जळंल. समद्यांनी एकदम उघडू नका. शेवटच्या बाईला हवा पोचत न्हाय!"

शेवटच्या, चोवीस नंबरच्या खुर्चीवर अक्का होती. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. अक्कानं तोटीपुढं हात धरला, आणि तिला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाली, "व्हय की. कमीच येतंय वाटतं."

झालं. सोलापूरच्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. नळाला मोटर लावून सगळ्या गल्लीचं पाणी ओढणारी बाई कोण, हे प्रत्येक गल्लीला माहीत असतं आणि तिच्या घरी हळदी-कुंकवाला कुणी जात नाही. फटाफट तोट्या बंद झाल्या. मी बारी लावून दिली: एका वेळी सहाजणी, पंधरा मिनिटं, मग पुढच्या सहाजणी. एक नंबर शेवटी. मोटर पुन्हा शांत गुणगुणायला लागली. माझ्या बारीला माझी तोटी मी उघडलीच नाही, ती पंधरा मिनिटं चोवीस नंबरला देऊन टाकली.

"बाबा लई शिस्तीचे हायत," एक म्हणाली.

दिवा लागला की मी "ठीक" दाबायचो. माझं बघून शेजारची "ठीक" दाबायची. दुपारी भिंत तापली, घाम मफलरमध्ये जिरत होता, आणि मी सगळा हॉल एखाद्या रानासारखा सांभाळत होतो. मोटरीचं काम सोडल्यापासून, आठ वर्षांत, एवढं मोठं काम मी केलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी, अक्काच्या घरी

सुजाता उशिरा आली. अक्कानं चहा दिला, तो गार झाला. मग ताटं वाढली, तरी तिचं लक्ष वहीतच.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही कळत नाही आबा. सकाळी दहा मिनिटं तोट्या उघडल्या आणि मग सगळ्या बंद. दिवसभर सहाच्या वर कधीच उघड्या नाहीत. आणि सगळ्यांचं ‘ठीक’. बाहेर एवढं ऊन, आत कुणालाच काही वाटत नाही? हे कसं होईल?"

मला हसू आलं. मी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "अगं, ते मी केलं. तुजी मोटर वाचवली मी." आणि सगळं सांगितलं. आवाज, बारी, सहाजणी, सगळं. मला वाटलं, पोरगी उठून पाया पडेल.

तिनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"आबा, ती मोटर ओढत नव्हती. जास्त तोट्या उघडल्या की तिनं जोर वाढवायचा असतो. तशीच बसवलीय ती."

"अशी मोटर नसती."

"असते."

"पस्तीस वर्सं मी..."

"तुमची पाण्याची मोटर एकाच जोरानं चालते. ही तशी नाही. नळीत एक डोळा बसवलाय. दाब कमी झाला की तो मोटरला सांगतो."

"मग हे आदी सांगायचं न्हाय व्हय?"

"तुम्ही विचारलं नाही आबा. आणि बायकांना फक्त तोटी फिरवायला सांगितलं होतं. मोटरचा आवाज ऐकणारं कुणी तिथं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

अक्का मध्येच म्हणाली, "पन मला खरंच कमी आलं की गं, हवा."

"किती कमी आलं, अक्का?"

अक्का विचार करायला लागली. "आता आठवत न्हाय. बाबा म्हनले म्हनून वाटलं असंल."

मी मान्य केलं नाही. हवा म्हणजे काय पाण्यापेक्षा वेगळी आहे? नळीतून जाते, तोटीतून येते. एकाला जास्त मिळाली की दुसऱ्याला कमी. जगात सगळं असंच आहे. मी अंथरुणावर पडून हेच घोकत राहिलो, आणि जितकं घोकलं तितकं पोरीच्या ताटातला तो घास डोळ्यापुढं येत राहिला.

गुरुवार. टॉवेलची दशी

सकाळीच मल्लेशमशेठ कागद घेऊन हॉलमध्ये आले. माणूस वाईट नाही. बायकांची नावं घेऊन विचारपूस करतात, कुणाच्या घरी आजार आहे ते त्यांना माहीत असतं. पण कागद बघून त्यांचा चेहरा कडक झाला होता. दारातून सुजाताला म्हणाले, "मॅडम, बायका तोट्या उघडतच न्हायत की. मग एवढ्या तोट्या सांभाळायच्या कशाला? मोठं यंत्र लावतो, रिमोट माझ्या केबिनमध्ये ठेवतो. कटकट संपली."

"कालचा दिवस धरू नका शेठ. काल एक गैरसमज झाला होता."

"म्हणजे जो दिवस आवडला न्हाय तो टाकून द्यायचा? असं असतंय का शिक्षण?" ते हसले, पण माघार घेतली नाही. "उद्या संध्याकाळपर्यंत बघतो. मग माझं मी ठरवतो."

ते गेल्यावर हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. रिमोट शेठच्या केबिनमध्ये. शेठ जाडजूड आहेत, त्यांना सदा उकडतं. एक पोरगी म्हणाली, "मग आपन स्वेटर घालून टॉवेल शिवायचे."

मला राहवेना. दुसऱ्याच्या सांगण्यावर माझा विश्वास बसत नाही, मग ती माझी नात का असेना. मी टॉवेलच्या कडेची एक दशी ओढून काढली आणि अक्काच्या, चोवीस नंबरच्या तोटीला बांधली. आधी फक्त तिचीच तोटी उघडी ठेवली. दशी आडवी, ताठ उडायला लागली.

"आता उघडा गं समद्या!"

"मोटर जळंल की बाबा!" पोरगी हसून म्हणाली.

"जळू दे. उघडा."

माझी सोडून तेवीसही तोट्या उघड्या झाल्या. मोटर चढली. मी डोळे मिटले, नाकानं तारेचा वास शोधत राहिलो. वास आला नाही. डोळे उघडले तर दशी तशीच आडवी, ताठ. मी पुन्हा सगळ्या बंद करायला लावल्या, पुन्हा उघडायला लावल्या. तीनदा केलं. बायकांना खेळ झाला. मग मी भिंतीपलीकडं गेलो आणि तिथल्या माणसाला विचारून मोटरच्या पाठीवर तळहात ठेवला. एवढा आवाज चढलेला आणि मोटर कोमट. तापलेल्या मोटरीचा चटका या हाताला चांगला माहीत आहे. हा हात काय सांगतोय तेच मला कळेना.

पाणी असतं तर चोवीस नंबरला थेंब आला नसता. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. मग हवा कुठून आली? कुणाची कमी झाली? मी प्रत्येक तोटीपुढं हात धरत रांगेतून फिरलो. कुणाचीच कमी झाली नव्हती. ज्याची कमी झाली तो माणूस मला सापडेना, आणि तो सापडल्याशिवाय मला चैन पडेना.

शेवटी हॉलच्या मध्ये उभा राहून मी म्हणालो, "बारी बंद. जिला जशी लागंल तशी उघडा. ह्ये यंत्र येगळं हाय." चुकलं, असं म्हणालो नाही. यंत्र वेगळं आहे एवढंच म्हणालो.

अक्का तिथून ओरडली, "यंत्र येगळं का बाबा येगळे?"

सगळ्या हसल्या. मी जाऊन घड्या घालायला लागलो. माझी तोटी मात्र बंदच ठेवली. एवढ्या वर्षांची सवय. तोंडावरच्यानं शेवटी. शेवट कधी येतो ते बघू म्हणलं.

शुक्रवार. हॉलमध्ये, संध्याकाळपर्यंत

त्या दिवशी जे पाहिलं त्यानं माझा गोंधळ आणखी वाढला. एकच हॉल, एकच हवा. हसरी पोरगी तोटी पूर्ण उघडून तोंडावर घेऊन बसलेली. तिच्याच शेजारची बाई तोटी बंद करून पदर डोक्यावरून घेतलेली. अक्का सकाळी बंद, अकराला अर्धी, जेवण झाल्यावर पूर्ण, तीनला पुन्हा बंद. "अक्का, नक्की काय व्हतंय तुला?" मी विचारलं. ती म्हणाली, "या वयात बाईला काय व्हतंय ते तुमी इचारू नका." मी घड्या घालायला लागलो.

उसाला पाणी लागतं, केळीला लागतं, कमी-जास्त किती ते ठरलेलं. माणसाचं असं कसं? मी कारभारणीबरोबर पन्नास वर्षं एका खोलीत झोपलो, एका पंख्याखाली. पंखा किती ठेवायचा ते मीच ठरवलं. तिला कधी विचारलं नाही. तिनंही कधी सांगितलं नाही. टॉवेलची घडी हातात तशीच राहिली. इतकी वर्षं तिला थंडी वाजत होती का?

पाच वाजता काम थांबलं. परीक्षा संपली, म्हणून सुजाताही आत आली. मल्लेशमशेठ कागद घेऊन आले आणि उभ्यानंच वाचायला लागले. मधेच "बरं, बरं" म्हणाले. मग मान वर केली.

"मॅडम, मानलं. काल-आज बायकांनी चांगल्याच फिरवल्या तोट्या. कुणीच सारखी ठेवली न्हाय. राहू देत तोट्या. मोठं यंत्र नको."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुजातानं डोळे मिटून एक श्वास घेतला. शेठनं खिशातून पेन काढलं.

"पण ही एक नंबरची काढून टाका. तीन दिवस बंद हाय, आणि तीन दिवस नुसतं ‘ठीक, ठीक’. त्या जागेला हवा लागतच न्हाय असं दिसतंय. उगाच एक तोटी कशाला सांभाळायची?"

सुजाताचं तोंड उघडलं आणि मिटलं. तिचाच नियम होता: ज्याचं त्यानं सांगायचं, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं बोलायचं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी चिडलो असतो. पाहिलं नाही म्हणून मला जास्त लागलं.

शेठ पेन टेकवून कागदावर वाकले. सोमवारी शमीमबी विजापूरहून येणार. तेवीसजणी हवा घेत बसणार, आणि ती तापलेल्या भिंतीजवळ. का, तर तिच्या जागेवर बसलेल्या म्हाताऱ्याला काही वाटत नाही म्हणून. मी तिला कधी पाहिलेलं नाही. पण मी तिची तोटी बंद करून टाकली होती, पाण्याच्या हिशेबानं नाही, माझ्या तोऱ्यानं.

"शेठ," मी म्हणालो. "थांबा. ते खोटं हाय."

"काय खोटं हाय, बाबा?"

"ते ठीक ठीक. मला उकडत व्हतं."

हे शब्द मी पूर्वी कधी मोठ्यानं म्हणल्याचं मला आठवत नाही.

"कधीपासनं?" शेठनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासनं. लई उकडत व्हतं. हितं दुपारी बसवत न्हाय."

"अय्यो बाबा!" अक्का पलीकडून म्हणाली. "मग तीन दिवस गळ्यात मफलर घालून कशाला बसला हुता?"

सगळा हॉल हसला. मी मफलर काढला. भिजलेला होता. खरं सांगायचं तर मलाच माहीत नव्हतं. अजूनही नाही. उकडतंय हे सांगितलं तर माणूस लहान होतो, असं मला कुणी तरी कधी तरी शिकवलं असणार. कोणी, आणि का, ते आठवत नाही.

शेठ हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मग उघडा की, बाबा. दिलीय कशाला?"

मी तोटी फिरवली. घट्ट झाली होती, तीन दिवस कुणी हात लावला नव्हता. हवा गळ्यावर आली, ओल्या मानेवर, कॉलरच्या आत. मागची मोटर थोडी चढली. मी सवयीनं चोवीस नंबरकडं पाहिलं. अक्कानं हात हलवून खूण केली: येतंय, येतंय.

सुजाता माझ्या टेबलापाशी आली. "कसं वाटतंय, आबा?"

एरवी तिचा प्रश्न संपायच्या आत मी ठीक म्हणालो असतो. आता मला उत्तर शोधावं लागलं, आणि शोधायला वेळ लागला. ती थांबली. बायका थांबल्या. शेठही कागदाची घडी हातात धरून थांबले.

"जरा जास्त गार हाय," मी म्हणालो, आणि तोटी अर्धी बंद केली.